‘स्टेनलेस स्टील गंजत नाही’ : एका वाक्याची परीक्षा

विज्ञानाच्या शालेय पुस्तकांत मिश्रधातूंचा एक तक्ता हमखास असतो. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त, कासे म्हणजे तांबे आणि कथिल, स्टेनलेस स्टील म्हणजे लोखंड, क्रोमियम आणि निकेल. गुणधर्मांच्या रकान्यात स्टेनलेस स्टीलपुढे दोनच गोष्टी लिहिलेल्या असतात : कठीण असते, गंजत नाही. उपयोगांच्या रकान्यात भांडी, सुऱ्या, शस्त्रक्रियेची उपकरणे. मार्गदर्शकांत आणि सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत यापुढे आणखी एक पायरी चढलेली दिसते. हे पोलाद कठीण आहे आणि गंजत नाही, म्हणून मोडलेले हाड जोडण्याच्या पट्ट्या, सळ्या आणि कृत्रिम सांधे त्याचे करतात, असे तिथे सांगितलेले असते.

या लेखात परीक्षा करायची आहे ती त्या ‘म्हणून’ची. वाक्य खोटे नाही, पण ते इतके अपुरे आहे की त्यावरून काढलेले निष्कर्ष चुकू शकतात. आणि हा प्रश्न केवळ परीक्षेतल्या एका गुणाचा नाही. आपल्या शिक्षकखोलीत पायात रॉड किंवा मनगटात प्लेट असलेले कोणीतरी सापडेल. घरातल्या कोणाचे हाड मोडले की डॉक्टर विचारतात, स्टीलची प्लेट घालायची की टायटॅनियमची? हाड जुळल्यावर ती काढायची की ठेवायची? उत्तर देणाऱ्या माणसाने धातूंबद्दल आयुष्यात जे काही वाचलेले असते, ते बहुधा त्या तक्त्यातच. तेव्हा तो तक्ता काय सांगतो आणि काय लपवतो हे पाहायला हवे.

दोन वेगळी पोलादे

पहिला घोटाळा उपयोगांच्या रकान्यातच आहे. शस्त्रक्रियेची कात्री आणि शस्त्रक्रियेत हाडावर बसवलेली पट्टी या दोन्ही ‘स्टेनलेस’ असल्या तरी एकाच पोलादाच्या नसतात.

इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात हॅरी ब्रिअर्ली याने १९१३ साली सुमारे १२.८ टक्के क्रोमियम असलेले पोलाद तयार केले. त्यात कार्बन थोडा जास्त होता. असे पोलाद तापवून एकदम थंड केले की कठीण होते आणि त्याला धार टिकते. सुऱ्या, कात्र्या आणि चिमटे आजही याच कुळातले. त्यांना लोहचुंबक चिकटतो. जर्मनीत एसेन येथे क्रुप कंपनीत बेन्नो स्ट्राउस आणि एडुआर्ड माउरर यांनी साधारण त्याच काळात, १९१२ मध्ये, दुसरे कूळ शोधले. त्यात क्रोमियमबरोबर भरपूर निकेल होते. निकेलमुळे लोखंडाच्या अणूंची रचनाच बदलते आणि ती रचना थंड झाल्यावरही टिकते. हे पोलाद मऊ असते, हवे तसे वाकते आणि चुंबकाला दाद देत नाही. शरीरात बसवायचे पोलाद या दुसऱ्या कुळातले आहे.

म्हणजे तक्त्यात घटक लिहिलेले आहेत एका पोलादाचे आणि ‘कठीण’ हा गुण लागू पडतो दुसऱ्याला. शरीरातल्या पट्टीच्या पोलादाला तापवून व विझवून कठीण करताच येत नाही.

‘गंजत नाही’

हाडे धातूने जोडण्याचा प्रयत्न स्टेनलेस स्टीलच्या आधीपासून चालू होता. लंडनच्या शल्यविशारद आर्बुथनॉट लेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला साध्या पोलादाच्या पट्ट्या वापरल्या. त्या शरीरात गंजत. अमेरिकेत पिट्सबर्गचे विल्यम शर्मन यांनी १९१२ च्या सुमारास व्हॅनेडियमयुक्त पोलादाच्या अधिक बळकट पट्ट्या आणल्या. त्या मोडायला अवघड होत्या, पण गंज त्यांनाही चढे. पुढे त्या वापरातून गेल्या. बळकटी एकटी पुरत नाही, हा पहिला धडा तिथे मिळाला.

स्टेनलेस स्टीलने तो प्रश्न सोडवला तो कसा? ‘गंजत नाही’ असे म्हटले की विद्यार्थ्याला वाटते, या धातूची ऑक्सिजनशी अभिक्रियाच होत नाही, सोन्यासारखी. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. क्रोमियम ऑक्सिजनशी झटकन संयोग पावते आणि पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर तयार होतो. त्याची जाडी दोन-तीन नॅनोमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा सुमारे पंचवीस हजारावा भाग. लोखंडाचा गंज भुसभुशीत असतो आणि पापुद्र्यांनी गळतो, हा थर मात्र घट्ट चिकटून राहतो आणि पुढची अभिक्रिया थांबवतो. ओरखडा उठला तर उघड्या पडलेल्या धातूवर तो पुन्हा धरतो. हे पोलाद गंजत नाही ते अभिक्रिया करत नाही म्हणून नव्हे, तर एकदा केलेल्या अभिक्रियेच्या आडोशाला राहते म्हणून. आणि हा आडोसा टिकायला ऑक्सिजनचा पुरवठा लागतो.

आता हे पोलाद शरीरात ठेवा. तापमान ३७ अंश सेल्सिअस. भोवती असलेला द्रव सलाइनइतका, म्हणजे सुमारे ०.९ टक्के खारट. मोकळ्या हवेच्या मानाने ऑक्सिजन कमी. या द्रवातले क्लोराइड आयन त्या थराचे वैरी आहेत. थर जिथे कच्चा असेल तिथे ते आत शिरतात आणि एक सूक्ष्म खड्डा पडतो. खड्ड्यात विरघळलेल्या क्रोमियमची पाण्याशी अभिक्रिया होऊन आम्लता वाढते. ऑक्सिजन आतपर्यंत पोचत नाही, म्हणून थर पुन्हा धरत नाही. धन आयनांच्या ओढीने आणखी क्लोराइड आत येतात. खड्डा आपल्याच करणीने खोल होत जातो.

असे खड्डे आणि डाग काढून घेतलेल्या पट्ट्यांवर कुठे सापडतात? उघड्या चकचकीत भागावर क्वचित. बहुतेक वेळा स्क्रूच्या डोक्याखाली, पट्टीच्या भोकाच्या कडेला. तिथे दोन धातूंच्या मधल्या फटीत द्रव साचून राहतो. शिवाय चालताना स्क्रू आणि पट्टी एकमेकींवर किंचित घासतात आणि थर पुन्हा पुन्हा खरवडला जातो. म्हणून ‘पोलाद गंजते की नाही’ हा प्रश्नच अर्धवट आहे. कुठे, कशाला टेकलेले, किती दिवस, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

या अनुभवातूनच शरीरासाठीचे पोलाद बदलत गेले. दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम घातले की खड्डे पडणे बरेच कमी होते. कार्बनचीही अडचण होती. पोलाद काही विशिष्ट तापमानांत राहिले तर कार्बन स्फटिककणांच्या सीमेवर क्रोमियमला पकडून ठेवतो. मग त्या सीमेलगत क्रोमियमचा तुटवडा पडतो आणि थर नीट धरत नाही. म्हणून कार्बनची मर्यादा ०.०८ वरून ०.०३ टक्क्यांवर आणली गेली. हेच आजचे ३१६ एल. त्यातला ‘एल’ म्हणजे कमी कार्बन. शरीरात बसवण्याच्या प्रतीत क्रोमियम १७ ते १९, निकेल १३ ते १५ टक्के असते. तक्त्यात ज्यांचे नावही नाही ते मॉलिब्डेनम आणि ज्याचे प्रमाण कोणी विचारत नाही तो कार्बन, या दोघांवर इथे सगळे अवलंबून आहे. स्वयंपाकघरातली भांडी साधारणपणे या प्रतीची नसतात.

‘कठीण’

आपण बोलताना कठीण, मजबूत आणि ताठ हे तीन शब्द एकमेकांच्या जागी वापरतो. पदार्थविज्ञानात त्यांचे अर्थ वेगळे आहेत, आणि हाडाच्या बाबतीत तो फरक जिव्हाळ्याचा आहे. कठीण म्हणजे ज्यावर ओरखडा किंवा खड्डा सहज उठत नाही ते. मजबूत म्हणजे जास्त भार घेऊनही कायमचे वाकत किंवा तुटत नाही ते. ताठ म्हणजे भाराखाली लवते थोडेच ते.

३१६ एल तापवून हळुवार केलेले असेल, तर दर चौरस मिलिमीटरला सुमारे २०० न्यूटन ताणाला कायमचे वाकू लागते. तेच थंड अवस्थेत लाटून किंवा ओढून घेतले की ही मर्यादा ७०० च्या आसपास जाते. घटक तेच, तक्त्यातली ओळ तीच, पण मजबुती तिपटीहून जास्त. पदार्थ कशाचा आहे याइतकेच तो कसा घडवला हे महत्त्वाचे असते. शिवाय पट्टी थोडी वाकणारी असणे हा दोष नव्हे. शल्यविशारद शस्त्रक्रियेच्या वेळी ती हाडाच्या वळणाप्रमाणे वाकवून घेतो. ती काचेसारखी ठिसूळ असती तर निरुपयोगी ठरली असती.

ताठपणाची गोष्ट आणखी निराळी. तो यंगच्या गुणांकाने मोजतात. पोलादाचा हा गुणांक सुमारे २०० गिगापास्कल, टायटॅनियमच्या मिश्रधातूंचा सुमारे ११०, आणि हाडाच्या बाहेरच्या घट्ट भागाचा १५ ते २०. म्हणजे पोलाद हाडाच्या दहापट ताठ. दोघे शेजारी बांधून भार दिला तर ताठ असेल तो जास्त भार उचलतो. आता जर्मन शल्यविशारद युलिउस वोल्फ यांनी १८९२ साली मांडलेला नियम आठवा : हाडावर जसा भार येतो तसे ते स्वतःला घडवते. भारच आला नाही तर पट्टीखालचे हाड विरळ होते. जे पोलाद हाडाला आधार देते, तेच फार दिवस राहिले तर त्याला आळशी करते. तक्त्यातला गुण इथे अवगुण होतो.

आणि मजबूत असूनही पट्टी मोडते. माणूस चालताना एका पायावर वर्षाला साधारण दहा लाख वेळा भार येतो. एका भाराने जी तुटत नाही, ती लाखो भारांनी थकून तुटू शकते. हाड वेळेत जुळले तर भार हाडाकडे जातो आणि पट्टी सुटते. जुळले नाही तर पट्टी कधी ना कधी मोडते. मग नातेवाईक म्हणतात, प्लेट खराब होती. कधी ती असतेही. पण बऱ्याचदा पट्टीला जे काम कायमचे म्हणून दिलेलेच नव्हते, ते तिच्याकडून करून घेतले गेलेले असते.

‘शरीराला चालते’

पुस्तकांत अलीकडे हा तिसरा गुण वाढला आहे. कल्पना अशी की काही पदार्थ शरीराला चालतात, काही चालत नाहीत, आणि चालणाऱ्यांची एक यादी आहे.

या समजुतीला सर्वांत मोठा धक्का बसला तो टेफ्लॉनमुळे. टेफ्लॉन रासायनिकदृष्ट्या अत्यंत उदासीन, शिवाय गुळगुळीत. इंग्लंडमधले जॉन चार्नली यांनी १९५८ पासून खुब्याच्या कृत्रिम सांध्यात टेफ्लॉनची वाटी वापरली. मांडीच्या हाडात जाणारा दांडा आणि त्याच्या टोकाचा गोळा स्टेनलेस स्टीलचा होता. पोलादाच्या गोळ्याखाली टेफ्लॉन काही वर्षांतच झिजले. त्याच्या सूक्ष्म कणांना शरीराने तीव्र विरोध केला आणि सांधे निकामी होऊ लागले. अखंड तुकडा म्हणून निरुपद्रवी असलेला पदार्थ भुकटी होताच उपद्रवी ठरला. १९६२ मध्ये चार्नलींनी जास्त रेणुभाराच्या पॉलिएथिलीनची वाटी आणली आणि तो सांधा पुढे जगभर गेला. दांड्याचे पोलाद मात्र काही रुग्णांत थकून मोडले. त्यावर उपाय म्हणून दांड्याचा आकार बदलला आणि नायट्रोजन जास्त असलेले बळकट पोलाद आले.

म्हणूनच १९८६ साली इंग्लंडमध्ये चेस्टर येथे या विषयाचे तज्ज्ञ व्याख्या ठरवायला बसले, तेव्हा त्यांनी ‘शरीराला चालणे’ हा पदार्थाचा गुण मानला नाही. विशिष्ट कामात शरीराचा योग्य प्रतिसाद मिळवून ते काम पार पाडण्याची क्षमता, अशा अर्थाची व्याख्या त्यांनी केली. काम बदलले की उत्तर बदलते.

पोलादातले निकेल हे याचे जवळचे उदाहरण. नकली दागिन्यांनी कान किंवा मनगट खाजणाऱ्या मुली प्रत्येक वर्गात असतात. त्यांतल्या बऱ्याच जणींना निकेलचे वावडे असते. म्हणून युरोपने १९९४ साली त्वचेला सतत लागणाऱ्या वस्तूंसाठी नियम केला : दर आठवड्याला एका चौरस सेंटिमीटरमधून अर्ध्या मायक्रोग्रॅमहून जास्त निकेल सुटता कामा नये. यात मोजायचे आहे ते सुटणारे निकेल, धातूत असलेले नव्हे. थर शाबूत असेल तर १४ टक्के निकेल असूनही सुटते फार थोडे. थर घासला गेला तर सुटण्याचे प्रमाण वाढते. त्वचेला वावडे असलेल्या प्रत्येकाला शरीरातली पट्टी त्रास देतेच असे नाही, पण असे वावडे असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगावे. निकेल जवळजवळ नसलेले, मँगनीज आणि नायट्रोजनवर आधारलेले पोलादही आता उपलब्ध आहे.

मग सर्वोत्तम धातू कोणता?

हा प्रश्नही त्याच तक्त्याची देणगी आहे. पोलाद म्हणजे जुने आणि स्वस्त, टायटॅनियम म्हणजे नवे आणि चांगले, असे सर्रास ऐकू येते. टायटॅनियमचा थर क्लोराइडला अधिक दाद देत नाही आणि ताठपणा कमी आहे, हे खरे. पण टायटॅनियमवर दुसरा पृष्ठभाग घासला की ते लवकर झिजते, म्हणून सांध्याच्या गोळ्याला ते योग्य नाही. त्याचे स्क्रू कधी पट्टीत असे अडकून बसतात की काढताना नाकी नऊ येतात. एखादे वर्ष ठेवून काढायची पट्टी असेल तर पोलाद हा कमीपणा नव्हे. दोन वेगळे धातू एकत्र वापरताना मात्र जपावे लागते. अमेरिकेतल्या व्हेनेबल आणि स्टक यांनी १९३७ मध्ये कुत्र्यांच्या हाडांत धातू बसवून दाखवले की त्यांच्यात विद्युत्-रासायनिक क्रिया सुरू होऊन हाडाचे नुकसान होते.

एकाच धातूचीही दोन वागणी असू शकतात. इंग्लंडमधल्या एक्झिटर शहरात शल्यविशारद रॉबिन लिंग आणि अभियंता क्लाइव्ह ली यांनी घडवलेला खुब्याचा दांडा १९७० मध्ये वापरात आला. तो घासून चकचकीत केलेल्या स्टेनलेस स्टीलचा होता. १९७६ पासून इतर काही बदलांबरोबर त्याचा पृष्ठभाग खरबरीत ठेवला गेला. खरबरीत असेल तर सिमेंटला धरून राहील, असे कोणालाही वाटेल. घडले उलट. दांडे सैल होण्याचे प्रमाण वाढले. गुळगुळीत निमुळता दांडा सिमेंटमध्ये किंचित खाली सरकून पाचरीसारखा घट्ट होतो. खरबरीत दांडा सिमेंटला कानशीसारखा घासून भुकटी पाडतो. १९८६ मध्ये पृष्ठभाग पुन्हा चकचकीत केला गेला. तो पोलादी दांडा आजही वापरात आहे आणि त्याची दीर्घकालीन कामगिरी उत्तम मानली जाते.

याच्या उलट बाजूला २०१० सालचे प्रकरण आहे. गोळा आणि वाटी दोन्ही कोबाल्ट-क्रोमियमची असलेला खुब्याचा एक सांधा त्या वर्षी ऑगस्टमध्ये जगभरातून परत मागवला गेला. तोवर असे सुमारे ९३,००० सांधे बसवले गेले होते, त्यांतले काही हजार भारतातही. कोबाल्ट-क्रोमियम कठीण, गंजाला दाद न देणारे, अनेक दशके शरीरात वापरलेले. तक्त्याच्या हिशेबाने पैकीच्या पैकी गुण. पण त्या विशिष्ट आकारात, धातूवर धातू घासला जाऊन, कण आणि आयन भोवतालच्या ऊतींत उतरले.

आपल्याकडे २०१७ च्या ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा आली तेव्हा नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याला कर सोडून ५४,७२० रुपये आणि टायटॅनियम वा ऑक्साइड झिर्कोनियमच्या सांध्याला ७६,६०० रुपये अशी वर्गवारी झाली. किमतीची वर्गवारी ही गुणवत्तेची क्रमवारी नव्हे, हे रुग्णाच्या नातेवाइकाला कोण सांगणार? शाळेत पदार्थ कसा वाचावा हे शिकलेला असेल तर तोच स्वतःला सांगू शकेल.

वर्गात काय करता येईल

तक्ता फाडून टाकायची गरज नाही. त्याला जोड द्यावी लागेल. तीन साधे प्रयोग सुचवतो.

एक, मुलांना घरून स्टीलच्या वस्तू आणायला सांगून प्रत्येकीला लोहचुंबक लावावा. सुरी-कात्री चिकटेल, बरीच भांडी चिकटणार नाहीत. काही भांड्यांच्या दाबून वळवलेल्या कडांना मात्र किंचित ओढ जाणवेल, कारण तिथे दाबाने अणूंची रचना बदललेली असते. ‘स्टेनलेस’ हे एका पदार्थाचे नव्हे, घराण्याचे नाव आहे हे इथे आपोआप कळते.

दोन, स्वस्तातल्या स्टीलच्या चमच्याला घट्ट रबरबँड गुंडाळून तो मिठाच्या पाण्यात काही आठवडे ठेवावा. डाग पडलेच तर उघड्या भागापेक्षा रबराखाली आधी पडलेले दिसतील. नाही पडले तर तीही नोंद घ्यावी आणि दुसऱ्या चमच्याशी तुलना करावी.

तीन, स्पंजच्या लांब पट्टीच्या मधल्या भागावर स्टीलची मोजपट्टी दोऱ्याने बांधावी आणि स्पंज दोन्ही टोकांना धरून वाकवावा. मोजपट्टीखालचा स्पंज जवळजवळ वाकत नाही. सगळा बाक मोजपट्टी संपते तिथे पडतो. हाड आळशी का होते आणि पट्टीच्या टोकाशी नव्याने का मोडू शकते, या दोन्ही गोष्टी यात दिसतात.

आणि तक्त्यातले वाक्य बदलायचेच तर असे लिहिता येईल : स्टेनलेस स्टीलवर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर धरतो आणि तो टिकून असेतो आतला धातू सुरक्षित राहतो, योग्य घटक, घडण आणि आकार असेल तर अशा पोलादाचा शरीरात ठरावीक कामासाठी व ठरावीक काळासाठी उपयोग करतात. वाक्य लांबते, पण त्यातल्या प्रत्येक अटीवर प्रश्न विचारता येतो. हाच प्रश्न उद्या दवाखान्यात विचारायचा आहे : ही पट्टी किती दिवस ठेवायची, तिच्यावर किती भार द्यायचा, स्क्रू त्याच धातूचे आहेत का, प्रत कोणती? बसवलेल्या भागाबरोबर येणारी, त्याचा प्रकार आणि उत्पादन-क्रमांक छापलेली चिकटपट्टी कागदपत्रांत लावली आहे ना, हेही पाहून घ्यावे. २०१० मध्ये आपल्या खुब्यात नेमके काय आहे हे ज्यांना शोधावे लागले, त्यांच्यासाठी तो छोटा कागद फार मोलाचा होता.